पिल्लांची गादी : तूस की कोंडा?

‘कोंड्याचा मांडा करणे’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरात जे थोडके आहे त्यातून गोड घास निर्माण करणाऱ्या गृहिणीचे कौतुक तीत सामावलेले आहे. ही म्हण मी वर्गात कित्येक वर्षे शिकवली, तिचा अर्थ फळ्यावर लिहून दिला, परीक्षेत तिचा वाक्यात उपयोगही करावयास सांगितला. परंतु या म्हणीतला कोंडा म्हणजे नेमका कोणता पदार्थ, असे एखाद्या विद्यार्थ्याने उभे राहून विचारले असते, तर मला धड उत्तर देता आले नसते. मराठीची एम. ए. पदवी पदरी असून ही स्थिती! या अज्ञानाची किंमत मला मोजावी लागली नाही. ती एका कष्टाळू बाईच्या अडतीस पिल्लांनी मोजली. त्या पिल्लांविषयी, आणि कोंबडीच्या कोवळ्या पिल्लांच्या पायाखाली काय अंथरावे याविषयी, आज लिहावयाचे आहे.

एका शब्दाची चूक

गोष्ट 2012 सालच्या जुलै महिन्यातील. त्या वेळी मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, घाटाकडच्या एका गावी शाळेत होतो. हा भाताचा मुलूख. पाऊस एकदा बसला की कपाटातल्या वह्यासुद्धा ओलसर लागतात. माझ्या वर्गातील एका मुलीची आई धन्याच्या माघारी घर चालवीत होती. तिने बचत गटातून कर्ज उचलून ‘गिरिराज’ जातीची शंभर पिल्ले आणावयाचे ठरविले. पिल्ले मिळणार तेथून तिला एक माहितीपत्रक मिळाले होते. त्याच्या एका बाजूला कन्नड मजकूर होता, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. ते घेऊन ती शाळेत आली आणि म्हणाली, “गुरुजी, एवढं मराठीत लिहून द्या की.”

मी मोठ्या हौसेने बसलो. इंग्रजी बाजू समोर ठेवून, ठळक वळणदार अक्षरात, एकेक सूचना मराठीत उतरविली. त्यातील एक सूचना अशी लिहिली : ‘जमिनीवर दोन इंच जाडीचा भाताचा कोंडा पसरावा.’ कागद तिच्या हाती दिला आणि मी माझ्या कामाला लागलो.

ती गावच्या गिरणीत गेली आणि तिने कोंडा मागितला. गिरणी जुनी, हलरची. कोपऱ्यात दोन पोती पडून होती, ती गिरणीवाल्याने स्वस्तात दिली. बाईने घरामागची खोली सारवून घेतली, माझ्या कागदाप्रमाणे कोंडा पसरला, वर दिवा टांगला आणि पिल्ले सोडली.

पहिले दोन दिवस सारे आनंदात गेले. मात्र पिल्ले खाद्याच्या भांड्यापेक्षा खालच्या गादीतच अधिक चोची मारीत होती. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यांभोवती कोंड्याचे लगदे झाले. पाचव्या दिवशी काही पिल्ले मान वर ताणून, चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागली. आवाज नाही, खोकला नाही. नुसती चोच उघडत होती आणि मिटत होती. सहाव्या दिवशी सकाळी नऊ पिल्ले मरून पडलेली आढळली. दहा दिवसांत ही संख्या अडतीसवर गेली.

पशुवैद्यांना बोलावले. त्यांनी एक मेलेले पिल्लू उघडून आम्हांस त्याचे फुप्फुस दाखविले. त्यावर खसखशीएवढ्या पिवळट पांढऱ्या गाठी उठल्या होत्या. त्यांनी खाली वाकून गादीतील मूठभर पदार्थ उचलला, त्याचा वास घेतला आणि तो माझ्या हातावर ठेवला. बंद तळघर उघडल्यावर येतो तसा कुबट वास आला. डॉक्टर म्हणाले, “हा कोंडा आहे, आणि बुरसलेला आहे. इथे तूस पाहिजे होतं.”

भिंतीवरील खिळ्याला दोऱ्याने अडकविलेला माझा कागद सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. बाई रागावली नाही, रडलीही नाही. ती एवढेच म्हणाली, “तुम्ही लिहिलं तसंच केलं होतं, गुरुजी.”

तिचे हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. अधिक लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच होती. माहितीपत्रकाच्या कन्नड बाजूला ‘भत्तद होट्टु’ असे स्वच्छ छापले होते. कन्नडमध्ये भाताच्या तुसाला होट्टु म्हणतात आणि कोंड्याला तौडु. दोन्ही शब्द खेड्यातील कोणत्याही गुराख्याला ठाऊक असतात. शेजारच्या कन्नड शिक्षकांना मी एका शब्दाने विचारले असते, तरी हा प्रसंग टळला असता.

तूस वेगळे, कोंडा वेगळा

भाताच्या दाण्यावर जे कठीण, खरखरीत, सोनेरी कवच असते ते तूस. संस्कृत ‘तुष’ या शब्दापासून हा शब्द आला. शंभर किलो भात भरडले, तर सुमारे वीस किलो तूस निघते. त्यात खाण्याजोगे काही नसते. त्याचा बराचसा कणखरपणा सिलिका या वाळूच्याच द्रव्यामुळे असतो. म्हणून ते सहजी कुजत नाही, चिकटत नाही आणि ओले झाले तरी हवा लागताच वाळते.

तूस निघून गेल्यावर तांदळाच्या अंगावर तांबूस पातळ पापुद्रा राहतो. तांदूळ सडताना त्याचा जो भुगा निघतो तो कोंडा. हा पदार्थ पौष्टिक असतो. शुद्ध कोंड्यात शेकडा पंधरा ते वीस भाग तेल असते, आणि त्याचेच तेल काढून बाजारात विकतात. कोंड्याचा मांडा होऊ शकतो तो यामुळेच. तुसाचा मांडा कोणत्याही सुगरणीला करता येणार नाही. परंतु जे माणसाला आणि जनावराला पोषक, ते बुरशीलाही पोषक. गिरणीतून बाहेर पडताच कोंड्यातील तेल खवट होऊ लागते, आणि पावसाळी हवेत त्यावर बुरशी धरावयास फार दिवस लागत नाहीत.

मग लोक या दोहोंत घोटाळा का करतात? त्याचे कारण गिरणीत आहे. नव्या धर्तीच्या गिरणीत तूस आणि कोंडा वेगवेगळ्या तोंडांतून पडतात. जुन्या हलरमध्ये मात्र भरडणे आणि सडणे एकाच वेळी होत असल्याने दोहोंची भेसळच बाहेर येते. जेथे अशीच गिरणी वर्षानुवर्षे चालली, तेथे त्या भेसळीलाच कोंडा म्हणण्याची सवय पडली. शब्द ढिला झाला तो यंत्रामुळे. मी तो तपासून घेतला नाही, हा दोष माझा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मराठी कुटुंबांना ही सावधगिरी विशेष हवी. इंदूर-ग्वाल्हेरकडे दुकानात ‘भूसा’ मागितला तर गव्हाचे कुस्करलेले काड मिळेल. बेळगावात ‘भुसा’ म्हटले तर वखारीतील लाकडाचा भुगा पुढे येईल. हैदराबादेत तेलुगूभाषक गिरणीवाल्याकडे ‘ऊक’ मागितले तर तूस मिळते आणि ‘तवुडु’ म्हटले तर कोंडा. यास्तव नावावर विसंबू नये. वस्तू मुठीत घ्यावी. तूस बोटांना टोचते आणि मूठ उघडताच सांडून जाते. कोंडा पिठासारखा मऊ लागतो, तळहाताला चिकटतो आणि त्याचा तेलकटपणा मागे राहतो.

गादी कशासाठी?

खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, आणि पिल्ले निघाल्यावरही कित्येक दिवस त्यांना पंखाखाली घेते. ती जमीन उकरून कोरडी जागा निवडते, ओल्या जागी पिल्लांना बसू देत नाही. विकत आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लांना आई नसते. दिवा तिच्या पंखांची ऊब देतो. जमिनीकडून येणारी थंडी आणि ओल मात्र दिव्याने हटत नाही. ते काम गादीचे.

अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाचा उरलेला अंश असतो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते. म्हणूनच त्याला दूर गावी पाठविता येते. परंतु अंगातील उष्णता सांभाळण्याची शक्ती त्याला प्रारंभी नसते. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी उतरवीत न्यावे. वरून एवढी ऊब असूनही खाली थंड फरशी वा ओली जमीन असेल, तर पायांवाटे ती ऊब निघून जाते. जाणते पालक पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावून पाहतात. पाय गार लागले, तर गादी गार आहे असे समजावे.

गादीकडून चार गुणांची अपेक्षा असते. ती कोरडी असावी, ओल शोषून पुन्हा वाळणारी असावी, पिल्लाच्या पोटात जाऊन अपाय करणारी नसावी आणि पायाला पकड देणारी असावी. हे चारही गुण पुरेपूर असणारा पदार्थ क्वचितच मिळतो. म्हणून हाताशी असलेल्या वस्तूंची परीक्षा करणे भाग पडते.

हाताशी काय आहे?

*भाताचे तूस.* भातपिकाच्या प्रदेशात याहून सोयीचे काही नाही. त्याची पाणी शोषण्याची शक्ती बेताची असली, तरी ते लवकर वाळते आणि त्याचे लगदे होत नाहीत. ते नव्या हंगामाचे, उघड्यावर न भिजलेले आणि चाळणीने धूळ काढलेले असावे.

*रंध्याचे छिलके.* सुताराच्या रंध्याखाली निघणारे कुरळे, पातळ छिलके हे उत्तम अंथरूण होय. ते ओल चांगली शोषतात, ऊब धरतात आणि मोठे असल्यामुळे पिल्ले ते गिळत नाहीत. मात्र लाकूड कोणते, हे सुताराला विचारावे. वाळवीचे औषध मारलेल्या, रंग दिलेल्या किंवा प्लायवूडच्या लाकडाचे छिलके आणू नयेत. त्यांतील विषारी द्रव्य पिल्लांच्या चोचीत जाते.

*लाकडाचा बारीक भुसा.* करवतीखालचा भुगा आणि छिलके यांना बोलताना आपण एकच समजतो, पण दोहोंत अंतर आहे. बारीक भुसा खाद्यासारखा दिसतो. भुकेले पिल्लू तो टिपते, आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी त्याने गच्च भरून जाते. शिवाय त्याची धूळ नाकात जाते. पहिल्या दोन आठवड्यांत तो टाळणेच बरे.

*शेंगांची टरफले.* भुईमुगाच्या भागात ही सहज मिळतात. ती फोडून बारीक करावी लागतात, आणि त्यांना बुरशीची भीती फार. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पिल्ले दगावली, त्याचे मूळ बुरसलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडले होते. ती पेंड खाद्यात गेली होती, गादीत नव्हे; तरी पिल्लू गादीही टिपते, हे विसरू नये. पूर्ण वाळलेली, काळे डाग नसलेली टरफलेच घ्यावीत.

*काड आणि पेंढा.* लांब पेंढा चटई होऊन बसतो, आणि त्याखाली ओल कोंडते. वापरावयाचाच तर तो बोटभर लांबीचा तोडावा आणि वरचेवर बदलावा.

*काथ्याचा भुसा.* गोव्यात आणि किनारपट्टीवर नारळाच्या सोडणातून काथ्या काढताना जो भुसा उरतो, तो आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतो. पण तो मुळातच ओला मिळतो. उन्हात चांगला वाळवून, धूळ झाडून मगच पसरावा.

*वर्तमानपत्रे.* घरी सर्वांत आधी हात जातो तो रद्दीकडे. नुसता गुळगुळीत कागद पिल्लाच्या पायाखाली घसरतो. कोवळे पाय दोन्ही बाजूंना फाकतात, आणि असे फाकलेले पाय पुढे सरळ होणे कठीण जाते. पहिले दोन-तीन दिवस, पिल्लांना खाद्य ओळखता यावे आणि त्यांनी गादी टिपू नये, यासाठी तुसावर कागद अंथरण्याची रीत आहे. तो खरबरीत वा पन्हळीदार असावा, रोज बदलावा आणि पिल्ले भांड्यात खावयास शिकली की काढून घ्यावा. धुऊन वाळविलेले गोणपाटही चालते. त्याचे दोरे सुटलेले नसावेत, नाही तर पाय अडकतात.

अंथरणे आणि राखणे

जागा आधी झाडून, धुऊन, चुन्याचा हात देऊन पूर्ण वाळू द्यावी. त्यावर दोन इंच गादी पसरावी. थंडीत तीन इंच. पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच दिवा लावून ठेवावा, म्हणजे गादी तळापर्यंत उबदार होते. भोवती पत्र्याचे, पुठ्ठ्याचे वा बांबूच्या तट्टीचे दीड फूट उंचीचे गोल रिंगण करावे. चौकोनी जागेत पिल्ले थंडीने कोपऱ्यात दाटी करतात आणि खालची गुदमरून मरतात. शंभर पिल्लांना आरंभी पाच-सहा फूट व्यासाचे रिंगण पुरते. पुढे दर तीन-चार दिवसांनी ते वाढवीत जावे.

दिव्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. कोरडे तूस आणि छिलके हे उत्तम सरपण आहे. दिवा केवळ विजेच्या वायरीवर लोंबकळत ठेवू नये. साखळीने वा मजबूत तारेने वेगळा बांधावा, आणि गादीपासून दीड फुटाच्या आत येऊ देऊ नये. उघड्या ज्योतीचा कंदील गादीवर कधीच ठेवू नये.

गादी एकदा घातली की काम संपले असे नाही. रोज सकाळी मूठभर गादी उचलून दाबून पाहावी. मूठ उघडताच ती सहज सुटली तर ठीक. किंचित गोळा होऊन मग फुटली, तर ओल वाढू लागली आहे असे समजावे. गोळा तसाच राहिला, तर तो भाग त्याच दिवशी काढून टाकावा. सर्वाधिक ओल पाण्याच्या भांड्यांभोवती होते. म्हणून भांडी विटेवर वा लाकडी फळीवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवावीत. बाकीची गादी एक दिवसाआड खालवर करावी. बुरशी दिसली तर मात्र हलवू नये, तिचे कण हवेत उडतात. नाकातोंडाला फडके बांधून सारी गादी बाहेर काढावी. बुरशीने फुप्फुसे धरलेल्या पिल्लांवर खात्रीचा उपाय नाही. आमची अडतीस पिल्ले त्यानेच गेली.

ओल्या गादीचे आणखी दोन वैरी आहेत. एक रक्ती हगवण. तिचे सूक्ष्म जंतू विष्ठेतून पडतात आणि उबदार ओलीत एक-दोन दिवसांत पक्व होऊन दुसऱ्या पिल्लाच्या पोटात जातात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात तिची भीती अधिक. तिच्यावर औषध आहे, ते पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. पण कोरड्या गादीत ती फारसे डोके वर काढीत नाही. दुसरा वैरी अमोनिया. उभ्या माणसाला जो वास येत नाही, तो जमिनीलगत कोंडलेला असतो. म्हणून गुडघ्यांवर बसून, पिल्लाच्या उंचीला नाक नेऊन वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर हवा खेळती करावी आणि ओली गादी काढावी. कित्येक जण अशा वेळी गादीवर चुना टाकतात. चुन्याने ओल कमी होते, पण साचलेला अमोनिया त्याच वेळी उसळून बाहेर पडतो; पिल्ले आत असताना हा उपाय करू नये. चुनकळी तर त्यांच्या पायांना भाजते.

काढलेली गादी वाया जात नाही. खड्ड्यात कुजविली तर तिचे उत्तम खत होते. पिल्ले वा गादी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि हे मुलांना आवर्जून शिकवावे.

पुढे काय झाले?

उरलेल्या बासष्ट पिल्लांची गादी आम्ही त्याच दिवशी काढली. भर पावसात दुसऱ्या गावच्या गिरणीतून तूस आणले, चुलीशेजारी पसरून वाळविले आणि अंथरले. पुढे एकही पिल्लू त्या रोगाने गेले नाही. गेलेल्या पिल्लांचे पैसे मी देऊ केले. बाईने अर्धेच घेतले. “निम्मी चूक माझी, गुरुजी. वास मला आला होता,” असे ती म्हणाली.

या शब्दांनी मला जे शिकविले, ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. तिच्या नाकाने तिला सावध केले होते. परंतु कागद गुरुजींच्या हातचा होता, म्हणून तिने नाकाला गप्प बसविले. शिकलेल्या माणसाच्या अक्षराला आपल्या समाजात असे वजन असते, आणि ते वजन पेलण्याआधी त्याने एकदा गिरणीत जाऊन यावे, हे मला फार उशिरा समजले.

पुढच्या डिसेंबरात तिने दुसरी खेप आणली. मी न सांगता शाळा सुटल्यावर गेलो. तिची मुलगी रिंगणात गुडघ्यांवर बसून, मूठ दाबून उघडीत होती. तूस बोटांतून सळसळत खाली गेले. तिने मान वर करून मला सांगितले, “सुटतंय, गुरुजी.”

खिळ्यावर माझाच कागद होता. ‘कोंडा’ या शब्दावर काट मारून त्याखाली शाळेच्या शाईपेनाने कोणीतरी ‘तूस’ असे लिहिले होते. अक्षर माझ्या वर्गातले होते, आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक नव्हती.